डावीकडची खुर्ची

"चांगला आहे," हे म्हणाले, "पण अर्धाच लावलाय तुम्ही. उरलेला अर्धा कधी दाखवणार?"

दुकानदार हसला. तपकीर गल्लीतला माणूस, पुणेकर गिऱ्हाइकांनी घासूनपुसून तयार केलेला. त्याला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा असेल. "काका, अख्खाच्या अख्खा आहे. याहून मोठा घ्यायचा तर घराची भिंत पाडावी लागेल," तो म्हणाला. हेही हसले, आपला टोमणा बरोबर पोचला म्हणून. हसलो नाही ते आम्ही दोघं, मी आणि आमचा शुभंकर. काउंटरवर तो लांबलचक मॉनिटर होता, दोन्ही टोकं आत वळलेली, समोर बसणाऱ्याला कवेत घेतल्यासारखी. त्यावर कुठला तरी समुद्र चालू होता. उजव्या टोकाला एक बाई छत्रीखाली बसली होती आणि डाव्या टोकाला एक होडी होती, लालभडक शिडाची, झोपेतही दिसावी अशी. मी ह्यांना विचारलं, "होडी कशी वाटली?" छत्रीवालीवरची नजर न काढता हे म्हणाले, "कुठली होडी?" खरं तर रोजचंच होतं. पण घरात रोज होतं ते चार लोकांत, दिव्यांच्या झगमगाटात झालं की नव्यानं लागतं. मी दुकानदाराला म्हटलं, "कळवते." पुण्यात कळवते म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही हे त्यालाही ठाऊक असणार. त्यानं मान डोलावली आणि समुद्र बंद केला.

एक मोठा वाकडा घ्यायचा की दोन सुटे घ्यायचे, एवढाच प्रश्न होता. "वाकडा नाही गं आई, कर्व्हड," शुभंकर मला पुनःपुन्हा सांगत होता. तो हिंजवडीला कंपनीत आहे, राहतो बाणेरला, आणि त्याला वाटतं आईला इंग्रजी शब्द सांगितला की वस्तू सरळ होते. मी म्हटलं, सरळ मिळत असताना वाकडं कशाला घरात आणायचं, आपण काय कमी आहोत का. एरवी ह्यावर ह्यांनी मला सोडलं नसतं. पण मी ह्यांच्या डावीकडे उभी होते. घरी टेबलावर दोन मॉनिटर होते, त्यातला उजवा कसाबसा चालत होता आणि डावा नुकताच बंद पडला. बंद पडला तर नेमका डावाच. दैवालाही हल्ली नवीन काही सुचत नसावं.

आमचा धंदा पुस्तकांची पानं लावायचा. म्हणजे लेखकानं लिहून दिलेलं कॉम्प्युटरवर घ्यायचं, शुद्धलेखन बघायचं, छापखान्यात जाईल असं पान करून द्यायचं. हे पान लावतात, मी मुद्रितं वाचते. शाळेतली नोकरी सोडून मी ह्यांच्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा शुभंकर चड्डीत होता. कोथरूडच्या फ्लॅटमधली धाकटी खोली, तिच्यात लांब टेबल. मधोमध ह्यांची खुर्ची, तिच्या डावीकडे माझी, आणि माझ्या पलीकडे लगेच भिंत. खिडकी आणि स्वयंपाकघराकडे जायचं दार, दोन्ही उजव्या अंगाला. माझ्यासमोरच्या मॉनिटरवर लेखकाचं हस्ताक्षर, ह्यांच्यासमोरच्यावर पान. मी मोठ्यानं वाचायची, आणि वाचायची म्हणजे सगळं वाचायची. "धरणाचं काम सुरू झालं स्वल्पविराम तेव्हा मी तरुण होतो पूर्णविराम नवा परिच्छेद." ऐकणाऱ्याला वेड लागेल, पण आम्हाला त्याशिवाय करमायचं नाही. भांडण झालं तरी वाचन चुकायचं नाही. मग मी स्वल्पविरामसुद्धा दातओठ खाऊन म्हणायची. दुपारपर्यंत हे हळूच विचारायचे, "पूर्णविराम?" मी म्हणायची, "अर्धविराम." म्हणजे जेवायला वाढीन, पण बोलणार नाही. जागा एवढी अडचणीची की दिवसभर कोपराला कोपर लागायचं. उन्हाळ्यात माझा जीव जायचा. "सरका जरा," मी म्हणायची. "तूच सरक." "कुठे सरकू? भिंतीत शिरू?" आमचा संसार असा भिंतीला लागून झाला. आता वाटतं, तेवढीच जागा होती म्हणून बरं झालं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी हे दाढी करताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मेंदूतली रक्ताची गाठ. दवाखान्यातले ते दिवस मला सलग आठवत नाहीत, फक्त फिनेलचा वास आणि लिफ्टचा आवाज आठवतो. पाय परत आला, हातही बऱ्यापैकी आला, बोटांना बधिरपणा राहिला. जीभ तर गेलीच नव्हती. जो तो म्हणायचा, नशीब तुमचं, वाचा शाबूत राहिली. घरी आणलं त्या दिवशी कुसुमताई, ह्यांच्या थोरल्या बहीण, स्वयंपाकाला आल्या होत्या. वरणभात, बटाट्याची भाजी, ताटात डावीकडे मीठ, लिंबू, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. पद्धतशीर. चार घास झाल्यावर हे म्हणाले, "लिंबं महागली वाटतं. आणि चटणी काय आता सणावारीच?" सगळे खदखदून हसले. कुसुमताईंनी पदरानं डोळे पुसले. "आला गं बाई माझा दिगंबर परत. टोमणा मारला म्हणजे माणूस बरा झाला." मीही हसले. इतक्या दिवसांनी हसले की बरगड्या दुखल्या. मग ताट उचलायला वाकले आणि बघितलं, तर भाताची मूद मधोमध चिरल्यासारखी, उजवी अर्धी खाल्लेली आणि डावी जशीच्या तशी. डावीकडचं लिंबू कोरडं. चटणीला बोट नाही. मी ताट उलटं फिरवून परत ह्यांच्यापुढे ठेवलं. "अरे, होतं की सगळं," हे म्हणाले आणि आनंदानं जेवायला लागले. हे पडले तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते जेवढी तो भात बघून घाबरले.

डोळे चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच डावीकडची बाजू हिशेबात धरत नाही. काही राहिलंय हेच कळत नाही, म्हणून माणूस शोधायलाही जात नाही. व्यायाम शिकवायला रुपाली म्हणून एक मुलगी यायला लागली, मूळची यवतमाळची, चेहऱ्यानं कडक आणि हातानं मऊ. तिनं मला बाहेर नेऊन समजावलं. "काकू, काका नाटक नाही करून राहिले. त्यांच्यासाठी ती बाजूच नाही. आता आपण त्यांना तिकडं ओढायचं. तुम्ही बसायचं ते डावीकडंच, बोलायचं ते डावीकडूनच, आणि काकांची मान वळेपर्यंत थांबायचं. दया येऊन उजवीकडं गेल्या, तर ते डावीकडं शोधतील कशाले?" तिनं टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. काम सुरू करण्याआधी ह्यांनी ती पट्टी शोधायची. "सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात," ती म्हणाली. "मग मेंदू आळशी होऊन जाते." मी तिला शब्द दिला. शब्द देण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तर मी माझ्याच खुर्चीवर बसत राहिले, आणि माझ्याच खुर्चीवर बसून नाहीशी झाले. मी वाचायला लागले की हे उजवीकडे मान करायचे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. आवाजाची दिशाही फिरली होती त्यांच्यासाठी. "आतून काय वाचतेस? इथे येऊन बस की," हे म्हणायचे. मी म्हणायची, "इथेच आहे. लाल पट्टी शोधा बघू." कधी पट्टी सापडायची, कधी नाही. सापडली की डोळे क्षणभर माझ्यावर यायचे, दचकायचे, आणि परत उजवीकडे वाहून जायचे. सुरुवातीला मला गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू. चहाचे दोन कप ठेवले की हे आपला उजवीकडचा प्यायचे आणि म्हणायचे, "तुझा कुठेय?" दाढी अर्धीच व्हायची, उरलेली मी करायची. मग गंमत वाटेनाशी झाली. माणूस आंधळा झाला तर निदान त्याला अंधार तरी दिसत असेल. ह्यांना काहीच कमी वाटत नव्हतं. ह्यांचं जग अर्धं होऊन पूर्ण भरलेलं होतं, आणि मी त्यात बसत नव्हते.

त्यात आप्पासाहेबांचं पुस्तक हातात होतं. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, खडकवासल्याला उभा जन्म काढलेला, आता आत्मचरित्र लिहिलेलं. बाकीच्या लेखकांनी, 'तुम्ही आधी बरे व्हा' म्हणून कामं दुसरीकडे नेली. पुणेरी सभ्यपणा, दार लावताना आवाज होऊ द्यायचा नाही. आप्पासाहेब मात्र राहिले. एका दुपारी मी मंडईत गेले होते तेवढ्यात ह्यांनी एकट्यानं बरीच पानं लावली आणि छापून त्यांना पाठवूनही दिली. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांचा फोन. "वहिनी, डावीकडचं प्रत्येक पान कोरं आहे. हे नवीन फॅशनचं आहे का? असेल तर असू द्या, पण मग माझं धरण दुप्पट जाड होईल." मी म्हटलं, चूक झाली, परत पाठवते. ह्यांना दाखवलं तर ह्यांनी पानं हातात घेऊन नीट बघितली, उजवीकडची. "काय चूक आहे? सुरेख झालंय." आणि खरंच सुरेख झालं होतं, उजवीकडचं. समास, ओळींमधलं अंतर, सगळं जिथल्या तिथे. चूक दाखवायला मला बोट धरून ह्यांची मान वळवावी लागली. कोरी पानं दिसल्यावर हे त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे मी केलं?" तो आवाज मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. परत ऐकायचीही इच्छा नाही.

म्हणून मॉनिटरचा प्रश्न म्हणजे नुसता मॉनिटरचा नव्हता. रुपालीचं म्हणणं, एकच रुंद घ्या. तो तुटत नाही, मध्ये फट नाही, डाव्या टोकाला लाल पट्टी लावू आणि काम रोज थोडं थोडं डावीकडे सरकवू. वळलेला असल्यामुळे डावं टोक त्यांच्या तोंडासमोर येईल, मेंदूला कानाडोळा करणं जड जाईल. शुभंकरचं म्हणणं दुसरं. "दोन घेऊ आणि दोन्ही उजवीकडे लावू. डावी बाजू सोडून द्यायची. बाबांचं काम चालू राहिलं पाहिजे आई. रोज रोज त्यांना काय येत नाही ते दाखवत बसायचं, ह्याला मी उपचार म्हणत नाही." दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. आणि दोघांनीही शेवटी हात वर केले. "काकू, तुम्ही ठरवा." "आई, रोज तू बसतेस शेजारी, तूच ठरव." जसं काही शेजारी बसणाऱ्याला जास्त कळतं.

दुकानातून निघालो, शुभंकर त्याच्या गाडीनं परस्पर गेला, आम्ही रिक्षा केली. मी डावीकडे बसले, सवयीनं आणि रुपालीच्या धाकानं. हे उजवीकडून बाहेर बघत होते. पौड रस्ता लागला तसे खुशीत आले. "इकडे एवढी मिठाईची दुकानं झाली? येताना नव्हती." येताना ती डावीकडे होती. मला तेव्हा कळलं की ह्यांच्यासाठी जातानाचा रस्ता वेगळा आणि येतानाचा वेगळा झालाय, आणि दोन्ही नवीन आहेत. म्हटलं तर मजा आहे, वयाच्या साठीला पुणं दुसऱ्यांदा बघायला मिळतंय. मी ह्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला. बधिर बोटं, कळलं नाही त्यांना. रिक्षावाला आरशातून एकदा बघून गेला. काय वाटलं असेल त्याला कोण जाणे, म्हातारी म्हाताऱ्याचा हात धरून बसलीये आणि म्हातारा दुकानं मोजतोय.

कुसुमताईंचा फोन रोज दिवेलागणीला येतो. दुसऱ्या दिवशीही आला. हे टेबलाशी बसले होते, मी माझ्या खुर्चीवर, भिंतीला टेकून, मांडीवर ताटलीत गवार घेऊन. मोडताना गवारीचा आवाज होतो, तोही ह्यांना आतून येत असणार. ह्यांनी फोन उजव्या कानाला लावला. इकडचं तिकडचं झालं, औषधं, उकाडा, सोसायटीतलं पाणी. मग कुसुमताईंनी माझं विचारलं असावं. "नंदा? आहे ना. आत असेल," हे म्हणाले. मी शेंग मोडायची थांबले. "नाही गं, भांडण कसलं. भांडली असती तर बरं झालं असतं. हल्ली ती माझ्याजवळ बसत नाही, एवढंच. आतून वाचते. वाचून झालं की संपलं. पूर्वी इथे खेटून बसायची, मी तिला सरक सरक म्हणायचो." तिकडून कुसुमताई काहीतरी म्हणाल्या. "नाही, दोष नाही तिचा. केवढं काढलं तिनं ह्या आजारपणात. माणसाला शेवटी कंटाळा येतो, तिच्या जागी मी असतो तर मलाही आला असता. तू तिला काही बोलू नकोस. मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. काय आहे, टेबल फार मोठं झाल्यासारखं वाटतं."

मी तिथे होते. हातभर अंतरावर नव्हते, त्याहून जवळ. त्यांच्या सदऱ्याचा इस्त्रीचा वास मला येत होता, मानेवरचा तीळ दिसत होता, जो मी इतकी वर्षं ह्याच बाजूनं बघत आले. त्यांचा डावा हात टेबलावर उपडा पडला होता, त्यावर मी माझा हात ठेवला आणि दाबला. हे बोलतच राहिले. मला ओरडावंसं वाटलं की अहो, मी तुमच्यासाठीच इथे बसलेय, त्या पोरीनं सांगितलं म्हणून बसलेय, माझं ढुंगण बधिर झालं ह्या लाकडी खुर्चीवर. पण नियम होता, डावीकडून हाक मारायची आणि मान वळेपर्यंत थांबायचं. मी हाक मारली. "अहो." ह्यांनी मान वळवली, उजवीकडे. फोनमध्ये म्हणाले, "थांब, आली वाटतं." आणि त्या रिकाम्या दाराकडे बघत, दारात कुणी पाहुणी उभी असावी तितक्या अदबीनं विचारलं, "काही हवंय का गं तुला?"

ती अदब मला सोसली नाही. चिडले असते, टोमणा मारला असता, तर मी तिथेच बसून राहिले असते वर्षभर. मी म्हटलं, "नाही." दाराकडे बघून हे किंचित हसले आणि परत फोनकडे वळले. मला रडू आलं आणि मी ते आवाज न करता रडले, म्हणजे ह्यांना ते आतूनही आलं नाही. गवार तशीच राहिली. रात्री पिठलं केलं.

सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि तिथून शुभंकरला फोन लावला. "दोन सांग," मी म्हटलं. "दोन्ही उजवीकडे लावायचे." त्याचंच म्हणणं मी ऐकत होते, तरी त्यानं मोडता घातला. "आणि रुपालीताई? त्या म्हणत होत्या की आत्ता सोडलं तर मग…" "रुपालीचं मी बघते." "आई, नीट विचार केलास ना?" मी म्हटलं, "डावी बाजू परत येईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित आली असती. पण तोवर मी गेले असं त्यांना वाटत राहणार, आणि त्यांनी मला आतल्या आत माफही करून टाकलंय. ते मला नकोय." तो म्हणाला, "बरं, कुठल्या कंपनीचे सांगू?" लहानपणापासून तसाच आहे, महत्त्वाच्या वेळी मॉनिटर बघायला बरा. शनिवारी येऊन त्यानं दोन्ही लावून दिले, सरळ, साधे, एकाला एक चिकटून, टेबलाच्या उजव्या अर्ध्यात. डावं अर्धं टेबल मोकळं झालं. तिथे फक्त लाल पट्टी राहिली.

आणि मी माझी खुर्ची उचलली. ह्यांच्या मागून, ह्यांच्या खुर्चीला धक्का लागू न देता, पलीकडे नेऊन ठेवली आणि बसले. ह्यांनी वर बघितलं. इतक्या दिवसांनी हे माझ्याकडे बघत होते, दचकून नाही, ओझरतं नाही, माझ्याकडेच. "या," हे म्हणाले. "आज इकडे कुठे वाट चुकलात?" मी म्हटलं, "म्हटलं, बघून यावं, कसं चाललंय तुमचं." "आमचं काय, बरंय." मग ह्यांनी आपला उजवा हात, चांगला हात, सरकवला आणि माझ्या कोपराला कोपर लावलं. नंतर हे म्हणाले, "पूर्णविराम?" मला आधी कळेना, मग कळलं की न झालेलं भांडणच हे मिटवत होते. मी म्हटलं, "पूर्णविराम."

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे मला मान्य करायलाच हवं. डाव्या पानाचा मजकूर मी उजवीकडे आणून द्यायची, हे सुरेख लावायचे, मग मी तो गुपचूप परत त्याच्या जागी नेऊन ठेवायची. आप्पासाहेब खूश झाले. ताटसुद्धा मी बदललं, लिंबू, मीठ, चटणी सगळं उजवीकडे, भाजीच्या मांडीला मांडी लावून. सासूबाई असत्या तर ताटावरून उठल्या असत्या. हे जेवताना म्हणायचे, "लिंबं स्वस्त झाली वाटतं," आणि मी हसायची. रुपाली आली ती दारातच थांबली. तिनं टेबल बघितलं, मोकळी डावी बाजू बघितली, मला उजवीकडे बघितलं. "सोडून दिलं का काकू?" "हो," मी म्हटलं. ती भांडेल असं वाटलं होतं, मी तयारीत होते. ती भांडली नाही. ह्यांचे हातापायाचे व्यायाम घेतले, ह्यांनी तिला दोन टोमणे मारले, ती हसली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "काका खूश दिसून राहिले. पण आता ती बाजू परत येणार नाही, काकू. सांगून ठेवते. नंतर म्हणू नका." मी म्हटलं, "नाही म्हणणार." जिना उतरताना तिनं एकदा मागे वळून बघितलं. मला तिची दया आली, तिला माझी आली असेल.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर ऊन असं की सोसायटीतली कुत्रीसुद्धा जिन्याखाली. मी वाचत होते, आप्पासाहेबांचं शेवटून दुसरं प्रकरण. "गावं वाढली स्वल्पविराम माणसं वाढली स्वल्पविराम आणि जुन्या पाटावरून रस्ता गेला पूर्णविराम." ह्यांची बोटं थांबली. मला वाटलं, दमले. "पाणी देऊ का?" मी विचारलं. "नको." हे कान देऊन ऐकल्यासारखे बसले होते. मग म्हणाले, "नंदा, डावीकडून गार लागतंय."

दवाखान्यातून आल्यापासून डावीकडे हा शब्द ह्यांनी आपणहून उच्चारला नव्हता. मी पेन्सिल खाली ठेवली. "कुठून?" मी विचारलं. "ह्या अंगानं," हे म्हणाले, आणि बधिर हात थोडासा हलवला, भिंतीच्या बाजूला. "बरेच दिवस झाले. आधी नव्हतं लागत. आधी तिकडे काहीतरी असायचं. पडदा होता का आपला?"

त्या बाजूला खिडकी नाही. कधीच नव्हती. "होता," मी म्हटलं. "धुवायला काढलाय."

"लाव ना परत," हे म्हणाले. "बरं वाटायचं त्यानं."

मी उठले. ह्यांच्या मागून गेले, जिथे माझी खुर्ची असायची तिथे भिंतीला पाठ लावून उभी राहिले, खेटून, कोपराला कोपर लागेल अशी. मग ह्यांनी खांदा सैल सोडला. "लागला," हे म्हणाले. "आता बरंय." ह्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, वाचायची वाट बघितली, आणि मग उजवीकडे वळून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नंदा," ह्यांनी हाक मारली. "आत्ता तर इथे होतीस."